हरकतीचा फोन

दहाला दोन मिनिटं कमी असताना तिनं फोन लावला. पलीकडे पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"लाइन साफ. आपलं म्हणणं ऐकायला आम्ही हजर," पलीकडचे काका ठरलेलं वाक्य म्हणाले, आणि त्याच दमात, "मुंगीचा खोकला कसा आहे?"

"रात्री झोपली जरा. आज पाळणाघरात सोडलंय. पण जीव तिकडेच."

"आईचा जीव जागेवर असतो कधी, ताई?"

ती हसली. काकांच्या मागे पारवे घुमत होते. किल्ल्यांचा जुडगा वाजत होता. कपाटांच्या असणार, जुनी कचेरी, कपाटं तरी किती.

तिच्याकडे कपाटसुद्धा नव्हतं. हरकत कक्ष म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि हा फोन. त्याचं दुसरं टोक शेजारच्या देशात. भाषा दोन्हीकडे एकच, हवाही एकच, म्हणून करार झालेला. एकानं आभाळात काही फवारायचं ठरवलं, तर दुसऱ्याला 'थांबा' म्हणायचा हक्क. या फोनवर हरकत वाचायची, पलीकडच्यानं ती शब्दन् शब्द परत वाचायची, की त्या क्षणापासून लागू. कागद मागाहून. एरवी तिचं काम एवढंच, की रोज दहाला फोन लावून लाइन चालू आहे ना ते पाहायचं.

नवरा लांबच्या बंदरावर नोकरीला. तो रविवारी बोलायचा. बाकी दिवस कुणा मोठ्या माणसाशी बोलणं म्हणजे हीच दोन मिनिटं. हल्ली त्यांची दहा होत.

आधी पलीकडे एक बाई होती. नाकात बोलायची, मागे माणसांचा गलबला असायचा. तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी फोन नुसता वाजतच राहिला. ती ठेवणार तेवढ्यात हे काका आले. ठरलेलं वाक्यही त्यांना ठाऊक नव्हतं. नवीन माणूस, म्हणत तिनंच ते दोनदा म्हणून दाखवलं होतं. त्यानंतर काकांनी एक रजा घेतली नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी तिनं चुकून फोन लावला, तर तेव्हाही हजर. असा माणूस आपल्या खात्यात एक तरी असता, असं तिला वाटून गेलं होतं.

आज दुपारी बाराला शेजारी आभाळात भुकटी सोडणार होते, ऊन मंद करायला. मागच्या छोट्या चाचणीनंतर मुंगी नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टर म्हणाले होते, योगायोगही असेल. पण म्हणताना त्यांनी नजर चुकवली होती.

साडेअकराला साहेब कागद घेऊन आले.

"झाली सही एकदाची. खरं सांगू? मला अजून पटत नाही. त्यांच्याकडे उन्हानं माणसं पटापट जाताहेत. आणि आपण एकट्यानं नाही म्हटलं की सगळं ठप्प."

"त्यांनी ऊन घालवावं की, साहेब. पण भुकटी कुठे उतरेल हे त्यांनाच माहीत नाही. माझ्या पोरीनं श्वास कुठला घ्यायचा?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "वाचा."

तिनं फोन लावला आणि सावकाश वाचलं.

"हे आज काहीतरी वेगळं दिसतंय, ताई."

"हो काका. इतकी वर्षं बसलोय ते याच्यासाठीच. आता परत वाचून दाखवा."

"थांबा, कागद बघतो. पुन्हा एकदा सांगाल? कॅलेंडरच्या मागे लिहिलं तर चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. साहेबांना डोळ्यांनीच खूण केली: तिकडेही स्टेशनरीची बोंबच.

तिनं सांगितलं, काकांनी लिहून घेतलं आणि परत वाचलं. अडखळत, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग म्हणाले, "मुंगीसाठीच ना हे?"

"सगळ्यांसाठी. पण हो."

"मग नीट लिहिलंय मी."

साहेबांनी वेळ टाकली, अकरा पन्नास, आणि सही केली. जाता जाता म्हणाले, "चला, वाचलात."

पाळणाघरात फोन करून तिनं सांगितलं, आज मुंगीला अंगणात खेळू द्या. मग कितीतरी दिवसांनी निवांत डबा उघडला आणि खुर्ची खिडकीशी ओढली.

साडेबाराला सीमेच्या बाजूनं एक पांढरी रेघ उमटली. मग दुसरी. पाचवीपर्यंत पहिली पसरून गेली होती.

तिनं घास तसाच ठेवून पाळणाघराला कळवलं, मुंगीला आत घ्या, खिडक्या लावा. मग हा फोन लावला. पहिलीच रिंग.

"लाइन साफ. आपलं म्हणणं..."

"काका, विमानं आलीत. तुम्ही वरच्यांना कधी कळवलंत?"

पारवे घुमत होते. जुडगा गप्प होता.

"काका, हरकत कुणाच्या हातात दिलीत?"

"कुणाच्या देणार, ताई?" आवाज अगदी बारीक झाला होता. "ऑफिस तीन वर्षांपूर्वीच उठलं. टेबलं नेली, माणसं गेली, हा फोन तेवढा न्यायचा राहिला. मी इथला वॉचमन. तुम्ही म्हणालात असं म्हणा, म्हणून म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन वाजला, आणि दिवसभरात तेवढंच कुणीतरी माझ्याशी बोलायचं."