पिंपाच्या आत

"मोडायचंच असेल तर मी मोडीन. करवत लावू देणार नाही," वेंडेल मुलीला म्हणाला आणि हातोडा घेऊन तिच्यापुढे तळघराच्या पायऱ्या उतरू लागला.

टेकडीच्या पोटात खणलेलं हे तळघर त्याच्या पणज्याच्याही आधीचं. आता तिथली वाइन संपली होती, लहान पिंपं गेली होती, आणि त्याची मुलगी एमेशे तिथं चित्रांचं दालन करणार होती. उरलं होतं एकच पिंप. मागच्या भिंतीला टेकलेलं, माणसाच्या दीडपट उंचीचं. तिचं सगळ्यात मोठं चित्र नेमकं त्याच भिंतीवर लागायचं होतं. पण पिंप तळघराच्या दारातून निघणं शक्यच नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी वेंडेलनं ते इथंच, फळीला फळी जुळवत बांधलं होतं.

शेजारचा डेझो वर दारात येऊन उभा राहिला. "काय गं एमेशे, चित्रं बघून झिंग चढते का?"

"तुम्हाला तर दारात उभं राहूनच चढते, डेझोकाका!"

वेंडेल हसला नाही. त्यानं पिंपाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर एक ठोका घातला. पिंप आतून घुमलं. त्यानं हातोडा खाली ठेवला.

"आधी धुवायला हवं."

"आपा, मोडायचंय ना ते?" एमेशेनं वडिलांना विचारलं.

"मळकं पिंप मी मोडत नाही."

पिंपाच्या पोटाशी पावाच्या भट्टीला असतं तेवढंच छोटं दार होतं. आधी एक हात घालायचा, मग डोकं, मग अंग चोरून सगळं शरीर. एमेशेनं कोट काढला आणि दिवा उचलला.

"गात राहा," वेंडेल म्हणाला.

"का?"

"आत वाइनची वाफ कोंडलेली असते. गुंगी येऊन माणूस झोपला तरी त्याला कळत नाही. तुझी आई आत धुताना सारखी गायची. आवाज थांबला की पाय धरून ओढायचं, असं ठरलेलं होतं."

"कधी ओढलंत?"

"एकदा. कडवं विसरली होती."

एमेशे हसली. "आई गेल्यापासून नऊ वर्षं रिकामं पडलंय, आपा. आता कसली वाफ?"

"गा म्हटलं ना!"

ती आत सरकली आणि शाळेतलं कसलंतरी गाणं गाऊ लागली. पिंपात शिरून तिचा आवाज गोल झाला, जड झाला, टेकडीच्या आतून कुठून तरी यावा तसा येऊ लागला. वेंडेल तिपाईवर बसला आणि त्यानं फळीला कान लावला. लाकूड गार होतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो आवाज एमेशेचा राहिला नव्हता. त्यानं डोळे मिटले. बाहेर तोडणीचे दिवस असावेत, हात कोपरापर्यंत द्राक्षांनी चिकट झालेले असावेत, आणि त्याची बायको आरांका आत असावी, असं त्याला वाटत राहिलं. हे संपू नये असंही वाटलं.

गाणं थांबलं.

काही झालेलं नसणार हे त्याला ठाऊक होतं. तरी तो गुडघ्यांवर कोसळला आणि त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. "एमेशे! एमेशे!"

"आपा," आतून हळू आवाज आला. "आत या."

"मला नाही जमत. खांदे अडकतात माझे. म्हणून तर तुझी आई जायची."

"या तर खरं."

त्यानं हात घातला, डोकं घातलं, श्वास रोखला. खांदे सहज आत गेले. फळीला घासलेसुद्धा नाहीत. आपण इतके वाळलो हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आत एमेशे दिवा धरून बसली होती. वाइनमधला क्षार वर्षानुवर्षं फळ्यांवर साचून त्याचे काळसर लाल खडे झाले होते. दिव्याच्या उजेडात ते सगळीकडून लुकलुकत होते. डाळिंबाच्या आत बसावं तसं वाटत होतं. आरांकानं खरवडून बादलीत भरून दिलेले हे खडे त्यानं कितीदा बाहेर नेऊन टाकले होते. असे कधी पाहिले नव्हते.

एमेशेनं दिवा डावीकडे नेला. तिथं खरवडल्याच्या खुणा होत्या. आखूड, तिरक्या, एकीखाली एक, नीट ओळीनं. अर्ध्या फळीपर्यंत आल्या होत्या आणि तिथंच थांबल्या होत्या.

"हे अर्धंच का राहिलं?"

"पाठीत कळ आली तिच्या. म्हणाली, उरलेलं उद्या करते."

वेंडेलनं बोट उचललं. खुणांच्या अगदी जवळ नेलं, आणि मागे घेतलं. दोघं खांद्याला खांदा लावून बसून राहिली. वरून डेझोनं दोनदा हाका मारल्या.

वेंडेलनं विचारलं, "तुझ्या दालनात चित्राला हात लावलेला चालतो का?"

"नाही, आपा."

"मग पिंपाच्या त्या छोट्या दाराला काच बसव," तो म्हणाला. "दिवा मात्र आतच राहू दे."