चारचा फरक

भाऊजी वारल्यावर ताईने त्यांची गाडी भावाच्या गॅरेजात आणली. भाऊजींनी हौसेने बसवलेले मोठे टायर काढून त्याने मूळ मापाचे लावले. मोठ्या टायरवर काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. आता तो ताळ्यावर यायला हवा होता.

भर दुपारी दोघं चक्कर मारायला निघाले. खरा वेग ताई मोबाइलवर बघून सांगत होती.

“वीस.” काटा चोवीसवर होता.

“साठ.” काटा चौसष्टवर.

त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. टायरमुळे येणारा फरक वेगाबरोबर वाढतो. हा मात्र चारवरच अडून बसला होता.

त्याने गाडी कडेला घेऊन थांबवली. मोबाइलवर शून्य आलं, काटा चारवरच राहिला.

“चार म्हणजे केवढा रे?”

“माणूस सावकाश चालतो तेवढा.”

काटा आता हलत होता. चार, तीन, पुन्हा चार, एक पाय ओढत चालल्यासारखा.

ताईने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. “हे असेच पाय ओढत चालायचे,” ती म्हणाली.

काटा हळूच शून्यावर आला. मग मागच्या दाराचं हँडल कुणीतरी बाहेरून ओढलं.