घराण्याची अब्रू

द्वारकाबाईंनी चहासोबत दिरापुढे शौचाच्या नमुन्याची डबीही ठेवली. त्यांचा नवरा आतड्याच्या कर्करोगाने गेला होता. आता दवाखाना एक नवी तपासणी अशा रुग्णांच्या भावंडांवर पडताळत होता.

“वहिनी, आपल्या घराण्यात असलं कुणी देत नाही.”

“खरंय भाऊजी. तुमच्या दादांनीही रक्त पडतंय हे डॉक्टरला सांगितलं नाही. मूळव्याध म्हणत लोण्यातून नागकेशर खाल्लं, घराण्याची अब्रू राखली आणि गेले.”

भाऊजींनी चहा तसाच ठेवून डबी उचलली.

तपासणीमुळे त्यांच्या आतड्यातली गाठ वेळीच सापडली आणि काढता आली. आता ते पंगतीतसुद्धा, आपण विज्ञानाला काय दिलं ते सविस्तर सांगतात.

द्वारकाबाई वाढता वाढता ऐकतात. यातलं एक वाक्य जरी नवरा डॉक्टरपुढे बोलला असता, तर आज दोघा भावांना गप्प करावं लागलं असतं.