टिल्लूचा हात

“दोन्ही हात लावा साहेब, हा काही डाव्या हातचा मळ नाही,” दुकानदार बाई हसत म्हणाल्या.

बाबाने डावा हात पाठीमागेच ठेवला. उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट, एवढ्यावरच यंत्राची बटणं दाबत तो फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळत होता. पडद्यावरचा त्याचा खेळाडू जागच्या जागी गरगर फिरत होता आणि बाकीचे त्याला वळसा घालून पळत होते. शेजारच्या स्टुलावर त्याची मुलगी, ताई, हे सगळं बारकाईने बघत होती.

घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी अशीच तपासली जायची. चमचा, नळ, दाराची कडी, टूथपेस्टचं झाकण. ‘टिल्लूचा हात लावून बघ,’ असं म्हणायची पद्धतच पडली होती. टिल्लू ताईचा धाकटा भाऊ. त्याचे स्नायू झिजत चालले होते. आधी पाय गेले, मग डावा हात. उजव्याची दोन बोटं अजून ऐकत होती. आजार थांबणारा नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, टिल्लूसमोर कुणी बोलत नसे एवढंच. त्याने एकच हट्ट धरला होता : ताईबरोबर खेळता येईल असा मैदानी खेळ हवा.

बाबाने बोटं मोकळी करायला जरा हात काढला. लगेच पडद्यावर अक्षरं उमटली : खेळाडू हालचाल करत नाही. बदली खेळाडू मैदानात.

“बाबा, आपल्याला काढलं,” ताई म्हणाली.

“मग! नुसतं उभं राहणाऱ्याला कोण ठेवून घेतं?” बाईंनी दुसरा खोका पुढे सरकवला. “मुलांसाठीच हवाय ना? मग हा धावण्याचा न्या. मारामारी नाही, वेडंवाकडं काही नाही. हे पट्टे मनगटाला बांधायचे आणि पडद्यासमोर पळायचं. माझा नातू असा घामाघूम होतो, की न सांगता आंघोळीला जातो.”

“दुसरा दाखवा,” बाबा म्हणाला.

क्रिकेटला तीन बोटं लागत होती. बास्केटबॉलमध्ये बटण दाबून धरावं लागत होतं. बाईंचा उत्साह ओसरत चालला. शेवटी त्यांनी खालच्या फळीवरून टेनिसचा खेळ काढला.

“यात पळणं आपोआप होतं. चेंडू आला की हे एक बटण दाबायचं, बस. दोघं एका बाजूने खेळू शकतात. आमच्या सासूबाईसुद्धा खेळतात. जिंकलं तर त्यांच्यामुळे, हरलं तर माझ्यामुळे!”

बाबाने नुसता अंगठा टेकवला. चेंडू जाळीपलीकडे गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा गेला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

“ताई, जमतंय बघ! एका अंगठ्यावर जमतंय!”

“हा आत्ताचा हात झाला, बाबा.”

बाबाचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

“तू दुसरं यंत्र घे, माझा जोडीदार हो,” ताई म्हणाली. त्याच्या हातातलं यंत्र काढून तिने काउंटरवर ठेवलं, दोन्ही तळवे मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली.

सामना सुरू झाला. तिचा निळ्या टोपीवाला खेळाडू जाळीपाशी उभा राहिला. पहिला चेंडू त्याच्या शेजारून निघून गेला. दुसऱ्याला बाबाचा खेळाडू आडवा धावला आणि त्याने तो कसाबसा परतवला. गुण मिळाला. पडद्यावर दोघांनीही हात उंचावले. निळ्या टोपीवाल्यानेसुद्धा.

“काकू, हा असाच उभा राहिला तर याला बाहेर काढतात?” ताईने विचारलं.

“छे गं! जोडी आहे ती. एकट्याला कोण काढणार? दोघं शेवटपर्यंत कोर्टावर.”

“मग हाच,” ताई बाबाला म्हणाली. “त्याचे चेंडू मी घेईन.”

बाबाने बाईंकडे बघून मान हलवली. त्याचा डावा हात अजून पाठीमागेच होता.

बाई नवा खोका आणायला आत गेल्या. ताई तळव्यांवरून उठली नाही. पडद्यावर निळ्या टोपीवाला या पायावरून त्या पायावर भार टाकत, पुढच्या चेंडूची वाट बघत उभा होता.