आठचा आकडा

कडावचा धाकलू अठरा वर्षे मोटारसायकलवरून दूध पोहोचवीत आला होता. मात्र परवाना काढण्याचा योग काही आला नव्हता. आता 'परवाना नाही तर काम नाही' अशी तंबी डेअरीने दिल्यामुळे तो खालापुरास परीक्षेला उभा राहिला. त्याच्या पुढची कॉलेजकन्या रिया स्कूटरवरून आठचा आकडा लीलया काढून गेली. धाकलूने मात्र पहिल्या वळणाला पाय टेकला आणि दुसऱ्याला गाडीच आडवी केली.

"काका, अठरा वर्षं गाडी ढकलत नेली काय?" रिया खिदळली.

"चालवलीच गं पोरी, पण रिकामी कवा चालवली नाय! सायेब, कॅन लावून एकडाव बघू द्या."

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी हसून मान डोलावली. धाकलूने फाटकापाशी उतरवलेले दुधाचे चारही कॅन नळावर काठोकाठ भरले. कॅनमध्ये पाणी भरण्यास तो काही नवखा नव्हता. मग ते दोन्ही अंगांना अडकवून त्याने असा डौलदार आठ काढला की रांगेने टाळ्या पिटल्या.

 

साहेबांनी त्याला उत्तीर्ण केले आणि अर्जावर लाल शाईने शेरा मारला, "उमेदवारास रिकामी गाडी चालवण्यास सक्त मनाई."