रश्मीच्या नावापुढचं अक्षर

रश्मीने फोटोकॉपीचा कागद चौथ्यांदा उघडला. नावापुढचं अक्षर काही बदललं नव्हतं.

कागद कालच शाळेच्या ऑफिसातून आला होता. जीसीएसईच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या दहावीच्या, हिस्टरी प्रोजेक्टसाठी तिने आपल्याच शाळेचा इतिहास घेतला होता, आणि एकदा विषय हातात आला की बंद कपाट दिसलं तरी तिला राहवत नसे. आधी ही नुसती हुशार मुलांची ग्रामर स्कूल. मग सत्तरच्या दशकात सगळ्यांना दार उघडं. आणि ब्याण्णव सालापासून थोडं हे, थोडं ते: साठ मुलं परीक्षा देऊन, बाकीची घर जवळ म्हणून. ब्याण्णवची ती पहिली बॅच रश्मीचीच. सेक्रेटरी मिसेस प्रिचर्ड यांनी त्या वर्षाचं जाडजूड रजिस्टर काढलं, इतरांच्या नावांवर कोरा कागद धरला आणि तिच्यापुरती एक ओळ कॉपी करून दिली.

"टी म्हणजे टेस्ट, डी म्हणजे डिस्टन्स," त्या म्हणाल्या होत्या. "सप्टेंबरात वर्ग सुरू झाले की हे पुस्तक कुणी उघडत नाही, लव्ह."

रश्मीच्या नावापुढे डी होता. त्याच्यापुढे ०.४१ मैल.

पलीकडे डायनिंग टेबलाशी बाबांचा आवाज चढला. धाकटी मधू, वय वर्षं दहा, प्रॅक्टिस पेपरवर वाकून बसली होती. त्याच शाळेची परीक्षा पुढच्या शनिवारी होती. गेले तीन आठवडे पेपर समोर आला की मधूचं पोट दुखायचं, आणि बाबा स्वतः डॉक्टर असून त्यांना त्याचं निदान होत नव्हतं.

"ताई पहिल्या फटक्यात पास झाली," बाबा म्हणत होते. "ह्याच घरात, ह्याच टेबलावर. मग तुला का जमू नये?"

हे वाक्य रश्मीने शेकडो वेळा ऐकलं होतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. आज मात्र कानाला नको झालं. ती स्वयंपाकघरात गेली. आई पोळ्या लाटत होती.

"आई, मी टेस्ट पास झालेच नव्हते?"

सुलक्षणाबाईंचं लाटणं थांबलं. लेकीच्या हातातला कागद बघायला त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं.

"लेटर आलं तेव्हा हे ड्यूटीवर होते," त्या हळूच म्हणाल्या. "मी हॉस्पिटलला फोन केला, शाळा मिळाली म्हटलं. ह्यांच्या हिशेबी शाळा मिळणं म्हणजे पास होणंच, दुसरं काही असतं हेच डोक्यात नाही. संध्याकाळी वेम्बलीहून तीन किलो पेढे घेऊनच आले."

"मग तेव्हा सांगायचंस ना!"

"मी लेटर घेऊन दारात जाईपर्यंत दोन बॉक्स वाटून झाले होते गं. दुसऱ्या दिवशी हॅरोतल्या मराठी मंडळात सगळ्यांना. पेढे काय परत मागू?"

रश्मीला हसू आलं आणि रडूही. चार वर्षं ती शाळेत त्या साठांपैकी एक म्हणून वावरली होती. आता तिला भलतंच कुतूहल वाटायला लागलं: मॅथ्सच्या टॉप सेटमध्ये, हुशार मुलांच्या त्या वेगळ्या वर्गात, आपल्याबरोबर बसतात त्यांतले टी किती, डी किती? कुणालाच सांगता आलं नसतं. तिला त्या सेटमध्ये घालणाऱ्या टीचरलाही नाही.

"आणि मधू?"

"तिला शाळा मिळेलच. बहीण आधीपासून असली की घेतात. स्कूलच्या बुकलेटमध्ये लिहिलंय तसं."

"बाबांना माहितेय हे?"

"ते कुठे बुकलेट वाचतात? ते प्रॅक्टिस पेपर आणतात."

बाहेर मधू बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, परत दुखतंय."

"दोन प्रश्न राहिलेत. तेवढे कर."

रश्मीने कागदाची घडी घातली. बॅगेत टाकला असता तर प्रश्नच मिटला होता. मिसेस प्रिचर्डनी रजिस्टर केव्हाच कपाटात ठेवलं होतं, आई काही बोलणार नव्हती, आणि रश्मी जन्मभर पहिल्या फटक्यात पास झालेली ताई राहिली असती. तिला ते फार हवंसं वाटलं. तरी ती बाहेर गेली आणि मधूच्या पेपरवर तो कागद उघडून ठेवला.

"बाबा, हे वाचा."

बाबांनी चष्मा लावला. वाचलं. कागद उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"डी म्हणजे?"

"डिस्टन्स. टेस्टमध्ये मी नव्हते आले. घर जवळ म्हणून घेतलं मला. मी आहे म्हणून मधूला पण घेतील. टेस्ट कशीही गेली तरी."

बाबांनी मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे सुलक्षणाबाई पिठाच्या हातांनी उभ्या होत्या. आता काहीतरी फुटणार, असं रश्मीला वाटलं.

पण बोलली ती मधू. खुर्चीत गुडघ्यांवर उभी राहून तिने ती एकुलती एक ओळ वाचली, मग ताईकडे नीट पाहिलं.

"म्हणजे तू पण फेल, ताई?"

"हो."

मधूच्या तोंडभर असं हसू पसरलं की बाबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. ती सरकली आणि अर्धी खुर्ची मोकळी केली.

"मग बस ना इथे," ती म्हणाली. "नंबर सेव्हन मला कधीच येत नाही. पण तुला विचारायची भीती वाटायची."