नऊ वायरी, जिथल्या तिथे

मास्तरांनी अकराव्यांदा बटण दाबलं. पंखा गरगरला, कॉम्प्युटरच्या डब्यातून एक बारीक 'टुक्' आलं आणि मॉनिटरवर पुन्हा तेच दोन शब्द तरंगायला लागले : नो सिग्नल.

पावणेचार झाले होते. सूनबाई एका जागेची मापं घ्यायला गेली होती. कुठल्याही क्षणी आली असती. पाच वाजता तिला एका घराचे नकाशे पाठवायचे होते, आणि तीन आठवडे खपून काढलेले ते नकाशे याच डब्यात होते. महिनाभर ती म्हणत होती, "मशीन नुसतं गोगलगाय झालंय." म्हणून मास्तरांनी आज ती गेल्यावर नवी रॅम आणि नवं ग्राफिक्स कार्ड आणून स्वतःच्या हाताने बसवलं. तिला चकित करायचं होतं. ती होणार होतीच.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. दोन्ही वस्तू त्याच्याकडच्याच, आणि तोही त्यांच्याच गणिताच्या वर्गातून गेलेला.

"घाबरू नका, सर. काय काय केलंत ते क्रमाने सांगा. तुम्ही पायऱ्यांचे मार्क द्यायचा नाहीत, पण आमच्या धंद्यात पायऱ्याच बघाव्या लागतात."

"तुला किती दिले होते रे मी?"

"भोपळा! उत्तर चुकलं की भोपळा." तो मोठ्याने हसला.

मास्तरांना हसू आलं नाही. त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं.

"टुक् किती वेळा होतं?"

"एकदा. तक्रार करतंय का रे ते?"

"एकदाच? मग आत सगळं ठणठणीत आहे. बाहेरच्या वायरी बघा."

"नऊच्या नऊ जिथल्या तिथे आहेत. काढायच्या आधी मी आकृती काढून ठेवली होती. प्रत्येकीला नंबर दिलाय."

"आकृती? मग तुमचं कसं चुकेल, सर! रॅमच नीट बसली नसेल. काढा आणि परत लावा. गिऱ्हाईक आलंय, मी फोन करतो थोड्या वेळाने."

मास्तरांनी वीज बंद केली, रॅम काढली, फुंकर घातली, पुन्हा बसवली. कट् असा आवाज आला, म्हणजे बसली. की अर्धीच बसली? पुन्हा काढली. चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. नसती उठाठेव. कुणी सांगितलं होतं? घरातल्या कुठल्याच यंत्राला आपण आजवर हात लावला नाही, तेच बरं होतं. टेबलावर पत्र्याची एक पट्टी पडली होती. कार्ड बसवताना डब्याच्या पाठीमागून ती काढावी लागली होती. बाकी उरली की मास्तरांना नेहमीच अस्वस्थ व्हायचं.

बारावं बटण. टुक्. नो सिग्नल.

ते खिडकीपाशी गेले, परत आले. आकृती उचलली आणि टेबलामागे वाकून एकेका वायरीवर बोट ठेवत पुन्हा नऊपर्यंत मोजलं. एकही चूक नव्हती.

दाराची कडी वाजली.

सूनबाईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवलीच नाही. उघडा डबा, स्क्रू काढायची हत्यारं, सासऱ्यांच्या हातातला कागद असं सगळं तिने एकदा बघून घेतलं.

"कधीपासून?"

"अकरापासून," मास्तर म्हणाले. "नकाशे... गेले का गं?"

तिने घड्याळाकडे बघितलं, मग पट्टीकडे. पट्टी उचलून ती टेबलामागे वाकली.

"बाबा, मॉनिटरची वायर कुठे लावलीत?"

"होती तिथेच. चार नंबर."

"तेच तर. ही पट्टी जिथून निघाली, तिथे आता नव्या कार्डाचं तोंड आलंय. मॉनिटरची वायर त्याच्यात जायला हवी. जुनं भोक आता मुकं झालं."

तिने वायर उपसली आणि बोटभर अंतरावर लावली. मॉनिटर उजळला. तिने फाइल उघडली, आणि पडद्यावर तिने आखलेलं घर उभं राहिलं, भिंती, जिने, खिडक्यांसकट.

"सकाळपासून चालूच होतं हो हे," ती म्हणाली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून कामाला बसली.

मास्तर तिच्या मागे उभे राहिले. बसावं की जावं, त्यांना कळेना. घर पडद्यावर आता भिंगरीसारखं फिरत होतं. पाचला चार मिनिटं असताना नकाशे गेले. मग ती सावकाश वळली, त्यांच्या हातातला कागद घेतला, चार नंबरचा बाण खोडून नव्या जागी काढला आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं : नऊपैकी आठ.

"पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या," ती म्हणाली.

"पायऱ्यांचे मी कधी दिले नाहीत."

"माहितीये. तुमचा मुलगा अजून सांगत असतो."

ती हात-पाय धुवायला आत गेली. मास्तर कागद धरून तसेच उभे राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"काय सर, सापडलं का उत्तर?"

"सापडलं," मास्तर म्हणाले. कागदाच्या कोपऱ्यातल्या 'नऊपैकी आठ'वर त्यांनी अंगठा फिरवला. "अरे, तुझा तो भोपळ्याचा पेपर... त्यातल्या तुझ्या पायऱ्या बरोबर होत्या का रे?"